बेटावरून देशावर : एका बिऱ्हाडाचा प्रवास

१

कुरकुंभच्या चौकात पुणे-सोलापूर महामार्गावरून दौंडकडे जाणारा फाटा फुटतो. तेथे घटकाभर उभे राहिले, की नाना प्रकारची माणसे दिसतात. रसायनांच्या कारखान्यांत पाळीवर निघालेली, दौंडला गाडी धरायला धावणारी, फिरंगाईच्या दर्शनाला आलेली. ज्यांची ही देवी कुलदेवता आहे अशी काही कुटुंबे मुंबईहून येतात. पहाटे निघायचे, दुपारी ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा आणि जमले तर रात्री घरी परतायचे. घरी गेल्यावर शेजारी विचारतात, तेव्हा उत्तर मिळते, "देशावर जाऊन आलो." या 'देशावर'मध्ये समुद्र, खाडी, घाट आणि पठार हा सगळा भूगोल दडलेला आहे. बोलणाऱ्याला मात्र त्याची आठवण राहिलेली नसते, कारण सगळा प्रवास एका दिवसात उरकलेला असतो.

हा 'एक दिवस' नेहमीच एवढा मोठा नव्हता. मराठीत दिवसभराच्या चालीला 'मजल' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा. मराठीने तो शब्द घेतला आणि जागेऐवजी अंतर मोजायला लावला. मजल-दरमजल करीत माणसे जात, म्हणजे दिवस आणि अंतर ही दोन्ही एकाच मापाने मोजली जात. हे माप आमच्या तालुक्यात अजून जिवंत आहे. तुकोबांची पालखी पुणे सोडल्यावर लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत येते आणि पाटसनंतर रोटीच्या घाटाने उंडवडीकडे, बारामतीकडे वळते. आगगाडी जे अंतर तासा-दीड तासात मागे टाकते, त्याला पालखी तीन मजला घेते. वारीत चालणाऱ्या माणसाला दिवसाची लांबी पायांनी कळते.

मजल गेली आणि एका दिवसाचा प्रवास आला, तेव्हा मराठी कुटुंबाचे काय झाले, असा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. त्याचे सर्वसाधारण उत्तर देण्याऐवजी येथे एका विशिष्ट बिऱ्हाडाकडे पाहावयाचे ठरवले आहे. हे बिऱ्हाड १८९० च्या अखेरीस मुंबई बेटावरून घाट चढून पुण्यास आले आणि पुढे सहा-सात वर्षांनी त्यातील काहीजणी आमच्याच तालुक्यातील केडगावास पोहोचल्या. त्या बिऱ्हाडात कर्ता पुरुष नव्हता. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाविषयी आपण बोलत आहोत. सदनाबद्दलचे वैचारिक वाद आपल्या साहित्येतिहासात आणि सामाजिक इतिहासात पुष्कळ चर्चिले गेले आहेत. सदन मुंबईहून पुण्यास हलले, ही गोष्ट मात्र बहुधा एका वाक्यात संपते. त्या एका वाक्यात काय काय सामावले आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

आधी मुंबई आणि पुणे यांचे नाते लक्षात घ्यावे लागते, कारण ते आज दिसते तसे नव्हते. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीकडे आलेली मुंबई ही सात लहान बेटांची, खाजणांची आणि नारळी-ताडांची दमट जागा होती. तेथे गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरते, असे त्या काळचे इंग्रजच म्हणत. १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि पुढची काही दशके दक्षिणेच्या राजकारणाची सूत्रे पुण्यातून हलू लागली. शहर म्हणावे ते पुणे होते. मुंबई हे एक बेट होते, आणि बेटावरच्या माणसाला शहरात काम असे.

या दिशेचा सर्वांत प्रसिद्ध प्रवास पुण्यापर्यंत पोहोचलाच नाही. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावाला पेशवाईवर बसवण्यासाठी निघाली. सोबत १९ हजारांच्या आसपास बैल होते. घाट चढून आल्यावर ही फौज दिवसाला धड मैलभरही सरकत नव्हती. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी बखरींचा 'इष्टुर फाकडा', गोळा लागून पडला. तळेगावापर्यंत येऊन फौजेने माघार घेतली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. शत्रूशी लढण्याआधीच ती घाटाशी आणि आपल्याच सामानसुमानाशी लढून थकलेली होती. बेट आणि शहर यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, याचा अर्थ काय होतो तो या मोहिमेत दिसतो.

१८१८ नंतर सत्ता बेटावर गेली आणि मग घाट सोपा करणे ही सत्तेची गरज झाली. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. तरीही मुंबईहून निघणाऱ्याला आधी होडीने पनवेल गाठावे लागे. होडी भरती-ओहोटीच्या आणि वाऱ्याच्या मर्जीने चाले. पनवेलहून पालखी, तट्टू किंवा गाडी. बायकामुले बरोबर असतील तर दिवसांचा हिशेब आणखी लांबे. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, १८५६ मध्ये ती घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडाही सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. म्हणजे पाच वर्षे असा काळ होता, की मुंबईकर खाली आगगाडीतून उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि वर पुन्हा आगगाडीत बसे. जुने आणि नवे युग यांच्यामध्ये एवढी नेमकी वेस इतिहासात क्वचित सापडते.

घाटातला लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशेहून अधिक फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. काही ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट चढण. चढ एका दमात घेणे शक्य नव्हते म्हणून मध्ये एक उलट-स्थानक केले होते. गाडी तेथे शिरे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी आल्या तोंडाने पुढचा चढ चढू लागे. १९२९ मध्ये मार्ग बदलेपर्यंत ही पद्धत होती. हे काम करणाऱ्यांची संख्या ऐन भरात ४० हजारांवर गेली होती. पटकी आणि हिवतापाने त्यांतली हजारो माणसे दगावली. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. एक नाव नोंदले गेले. १८५९ मध्ये या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सोडला नाही. आपल्या नावावर घेऊन तिने तो पुरा करवला. मुंबई आणि पुणे एका दिवसात जोडणाऱ्या मार्गाच्या उभारणीत एका विधवेची सही आहे, ही गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३

ज्या वर्षी पुण्यात आगगाडी आली, त्याच १८५८ साली, २३ एप्रिलला, सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानात गंगामूळ येथे रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, हा त्यांचा अपराध. रमाबाई काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब तेथून निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत ठेवून, ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर देऊन, डोंगर उतरवण्यात आले. पुढची सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थांतून पुराणे सांगत चालत होते. पायी, मजल-दरमजल. आगगाडीचे जाळे देशभर पसरत होते त्याच वर्षांत हे लोक जुन्या दिवसाच्या मापाने जगत होते.

मजलीचा प्रवास आम्ही पुष्कळदा रम्य करून पाहतो. या कुटुंबाचा शेवट पाहिला की तो मोह आवरतो. १८७४ च्या दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोड्या काळाने थोरली बहीण पटकीने गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई चालत राहिली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. चालणाऱ्या कुटुंबाला दुष्काळात मागे फिरायला घर नसते आणि पुढे जायला बळ नसते.

तरीही एका अर्थाने हे कुटुंब अपवाद होते. त्या काळच्या प्रवासात बहुधा पुरुष असत आणि कुटुंब मागे राही. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, ते चुलत्यांसोबत. पत्नी घरी राहिली. पुढे चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' आपण गदराच्या हकिकतीसाठी वाचतो. तो एका माणसाच्या घरापासून दूर असण्याचाही वृत्तांत आहे. मराठीत 'कुटुंब' हा शब्द पत्नीसाठी वापरला जाई, 'आमचे कुटुंब गावी असते' असे पुरुष सहज म्हणत. व्याकरणाच्या दृष्टीने नपुंसकलिंगी असलेल्या या शब्दात घर आणि बायको एक होऊन जात, आणि दोन्ही आहेत तेथेच राहत. दुसरा शब्द 'बिऱ्हाड'. तो मुळात तात्पुरत्या मुक्कामाचा, उतरण्याच्या जागेचा. नोकरीसाठी गाव सोडलेल्यांनी भाड्याच्या खोल्यांत संसार मांडले, तेव्हा तो शब्द संसाराला चिकटला. 'बिऱ्हाड केले' म्हणजे बायकोला आणले. प्रवासातल्या मुक्कामाला आपण घर म्हणू लागलो, हा बदल आगगाडीच्या पिढीचा आहे.

बिऱ्हाड करणे शक्य झाले, कारण माहेर-सासर एका दिवसाच्या अंतरावर आले. आजारपणात सासूला बोलावता येऊ लागले, बाळंतपणाला सुनेला पाठवता येऊ लागले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली, ते पत्र १८९० च्या ऑक्टोबरात निघाले. यमूच्या आयुष्यातला मोकळा श्वास तिला पुण्यात मिळत नाही. नवऱ्याबरोबर मुंबईस बिऱ्हाड केल्यावर मिळतो. तेथे वाचन आहे, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांची संगत आहे, चारचौघांत बोलणे आहे. पुण्याचा वाडा आणि मुंबईचे बिऱ्हाड यांच्यामधला एक दिवसाचा प्रवास हा या कादंबरीचा कणा आहे, असे आम्हांस वाटते. पण हा मोकळेपणा नवऱ्याच्या हयातीपुरताच आहे. रघुनाथराव जातो आणि यमू पुन्हा सासरच्या सत्तेखाली येते. तिचे सक्तीने केशवपन होते. गाडीचे तिकीट तिच्या हातात कधीच नव्हते.

४

हरिभाऊंची यमू कागदावर पुण्याहून मुंबईस जाण्याच्या सुमारास, खऱ्याखुऱ्या विधवांचे एक बिऱ्हाड उलट दिशेने निघाले.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जपानमार्गे १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरल्या. त्याच वर्षी त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. पायी चालण्यात बालपण गेलेली स्त्री एव्हाना पृथ्वीप्रदक्षिणा करून आली होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी वसतिगृह आणि शाळा, धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, ज्यांना सोवळे पाळावयाचे त्यांनी पाळावे, असा त्याचा बाणा होता. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचे भाऊ नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्व्यांचे मुंबईतले बिऱ्हाडकरू. त्यांनी बहिणीला कोकणातून आणून सदनात ठेवले. गोदूबाई आठव्या वर्षी, लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती. १८९३ मध्ये तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. 'माझे पुराण' हे तिचे आत्मचरित्र १९४४ चे. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्याच्या बोलक्या, रोखठोक भाषेला जोड नाही.

मुंबईत खर्च झेपेना आणि ज्यांच्यासाठी सदन काढले त्यांची वस्ती पुण्याकडे दाट, अशा कारणांनी दीड-पावणेदोन वर्षांत सदन पुण्यास हलवले गेले. या स्थलांतराचा बाह्य आकार साधा आहे. बोरीबंदर, कल्याण, कर्जत; तेथे चढासाठी जादा जोर; मग बोगद्यांमागून बोगदे; उलट-स्थानकात गाडीने तोंड फिरवणे; खंडाळा, लोणावळा आणि मावळातून पुणे. त्या वेळी हा प्रवास एका दिवसात आरामात होई. पण या गाडीत बसलेल्यांचा विचार करावा. प्रवासास निघताना विधवा सामोरी आली तर पाय मागे घ्यावा, ही समजूत घराघरांत होती. मुलगा परीक्षेला निघाला, वऱ्हाड निघाले, की घरातील सोवळी बाई आपण होऊन आत सरे. जिच्या दर्शनाने प्रवास मोडतो ती स्वतः प्रवासाला निघाली, तर शकुन कोणाचा पाहावयाचा? एकटी विधवा यापूर्वीही प्रवास करी, काशीला जाई, माहेरी पोचवली जाई. पण ती कोणाच्या तरी मागून, कोणाच्या तरी सोयीने. येथे एक अख्खे बिऱ्हाड, भांडीकुंडी आणि पुस्तके घेऊन, एका विधवेच्या निर्णयाने जागा बदलत होते. रमाबाईंबरोबर त्यांची नऊ वर्षांची मुलगी मनोरमा होती. हे सगळे मिळून एक घर होते. आडनाव एक नव्हते, कुलदैवत एक नव्हते, घरातील कोणाशीही कोणाचे सोयरसुतक नव्हते.

मजलीच्या प्रवासात असे बिऱ्हाड हलणे जवळजवळ अशक्य होते. चार-पाच मुक्काम म्हणजे चार-पाच गावे, धर्मशाळा, विहिरी, चौकशा. 'तुम्ही कोण, कोणाच्या, कोठे निघालात?' प्रत्येक मुक्कामाला हा प्रश्न आला असता आणि त्याचे उत्तर देणारा पुरुष बरोबर नव्हता. आगगाडीने मुक्कामच पुसून टाकले. सकाळी एका दारातून निघायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या दारात शिरायचे. मधल्या जगाला चौकशीची सवड नाही. एका दिवसाच्या प्रवासाची खरी किंमत वेगात नसून या न विचारलेल्या प्रश्नांत आहे, असे आमचे मत आहे. आगगाडीने सोवळे-ओवळे मोडले, जाती एका बाकावर आणल्या, हे आपण नेहमी वाचतो. तिने काही माणसांना काही तास निनावी राहू दिले, हे फारसे कोणी सांगत नाही.

५

निनावीपण पुण्याच्या स्थानकावर संपले. मुंबईत जे खपून गेले ते पुण्यात खपेना. शहरातल्या वाड्यांना डोळे होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, त्यांचे मन वळवले जाते, अशी ओरड सुरू झाली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या वादात रमाबाईंची बाजू निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. धर्मनिरपेक्षतेचे वचन आणि स्वतःचा वाढता श्रद्धाभाव यांतला ताण त्यांना सांभाळता आला नाही, आणि पुढे केडगावला तर त्यांनी ते वचन मागेच टाकले. परंतु पालक मुली न्यायला आले, ते कोणत्या अधिकाराने? यांतल्या कितीतरी मुली घरी नकोशा म्हणून सदनात आल्या होत्या. ज्या घराने त्यांना जेवणाच्या पंक्तीतून उठवले होते, ते घर आता कुटुंब म्हणून हक्क सांगत होते. सदनाला मात्र कुटुंब म्हणायला कोणी तयार नव्हते. वादाचा हा गाभा धर्मांतराच्या गदारोळात झाकला गेला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्या गाड्या माणसांना बेटाकडे नेत होत्या, त्या माणसे भरभरून बेटाबाहेर आणू लागल्या. एका दिवसाच्या प्रवासाने आता रोगही एका दिवसात घाट चढू लागला. स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. स्त्रियांच्या अंगाला हात लावून गाठी पाहणे हा त्यातला सर्वांत संतापजनक भाग होता. सात वर्षांपूर्वी ज्या गाडीने स्त्रीला निनावी राहू दिले, तिच्याच फलाटावर आता तिला उभी करून तपासत होते. याच सुमारास मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. १८७४ चा अनुभव ज्यांच्या अंगावर होता त्या रमाबाई तेथे गेल्या आणि उपासमारीतून सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवता येईना. तेव्हा त्यांना केडगावला, रमाबाईंनी आधी घेतलेल्या शेतजमिनीवर नेण्यात आले. सदनातील मुलींतल्याही काही तेथे गेल्या. पुण्यातील प्लेग रुग्णालयात आपल्या एका मुलीची काय गत झाली, हे सांगणारे रमाबाईंचे पत्र १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये छापले गेले आणि सरकारला खुलासे करावे लागले.

केडगाव हे पुण्याच्या पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटरवर, यवत आणि पाटस यांच्या दरम्यान, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक. पालखीची तिसरी मजल ज्या वरवंडाला संपते, ते येथून जवळच. म्हणजे जुन्या मापाने पुण्यापासून तीन दिवस आणि नव्या मापाने सकाळची एक गाडी. १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची संख्या दीड-दोन हजारांवर गेली. उजाड माळावर विहिरी, शेती, माग, छापखाना उभा राहिला. बायबलचे रमाबाईंनी केलेले मराठी भाषांतर याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच वारल्या. आयुष्याची सुरुवात पायी झालेल्या या बाईंनी मुक्कामासाठी लोहमार्गाकाठची जागा निवडली. दुष्काळातून मुली आणायच्या तर गाडी दाराशी हवी, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत असले पाहिजे.

६

येथवर आलेला वाचक विचारील, की आगगाडीने कुटुंबाला मोकळे केले, असे का म्हणावयाचे आहे? तसे सरसकट म्हणता येत नाही. त्याच गाडीने दुसरीकडे उलटे काम केले. भीमथडीच्या, साताऱ्याच्या, नगरच्या आणि कोकणातल्या गावांतून माणसे गिरण्यांत गेली, ती बहुतेक एकटी. बिऱ्हाड करण्याइतका पगार नव्हता, खोली नव्हती. गाव एका दिवसावर होते म्हणून बायकोला गावी ठेवणे परवडले. सणाला, सुगीला जाता येत होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपासच स्त्रिया होत्या. यमूचा नवरा ज्या गाडीने बायकोला मुंबईस नेतो, त्याच गाडीने गिरणीकामगार बायकोला गावी सोडून येतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. तिच्यामागे हे अर्धे राहिलेले बिऱ्हाड आहे. आणि अण्णा भाऊंचे स्वतःचे कुटुंब १९३१-३२ च्या सुमारास वाटेगावहून मुंबईस आले ते पायी, वाटेत मिळेल ते काम करीत, काही महिन्यांनी. तोवर घाटातून विजेची गाडी धावू लागली होती, 'डेक्कन क्वीन' १९३० मध्ये सुरू झाली होती. एका दिवसाचा प्रवास अस्तित्वात होता, तो त्यांच्या वाट्याला आला नव्हता. मजल मागे पडली असे आपण म्हणतो तेव्हा कोणासाठी, हेही म्हणावयास हवे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यातून एक गोष्ट घेता येईल. एकोणिसाव्या शतकाचे गद्य वाचताना पात्रे एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, ती वाक्ये आपण भरभर ओलांडतो. तेथे थांबून पाहावे. किती दिवस लागले, बरोबर कोण होते, तिकीट कोणी काढले, मागे कोण राहिले. कादंबरीचे किंवा आत्मचरित्राचे खरे मत पुष्कळदा तेथे सापडते. पात्रे उपदेश करतात तेथे ते सापडेलच असे नाही.

कुरकुंभच्या चौकात आजही बिऱ्हाडे उतरतात. कारखान्यांत कामाला येणारी कित्येक माणसे परप्रांतांतून, दोन-दोन दिवसांचा गाडीप्रवास करून, दौंड स्थानकावर उतरतात. खोली घेऊन चौघे-पाचजण राहतात, मागे राहिलेल्यांशी फोनवर बोलतात. त्यांच्या भाषेत 'फॅमिली गाँव में है' असे वाक्य असते. 'आमचे कुटुंब गावी असते' या जुन्या मराठी वाक्याचेच ते भाषांतर वाटावे. अंतराचे माप बदलले, शब्द बदलला, मागे राहणारी व्यक्ती मात्र तीच राहिली.

त्याच चौकातून दौंडला जाऊन पुण्याकडे जाणारी गाडी धरली, की पाटस ओलांडल्यावर थोड्याच वेळात केडगाव येते. बहुतेक उतारू खिडकीतून बाहेर पाहतही नाहीत. एका दिवसात निघून पोहोचण्याच्या सोयीवर आपले घर उभारणाऱ्या काही बायका येथे उतरल्या होत्या, एवढे जरी त्या मिनिटभराच्या थांब्यात आठवले, तरी पुष्कळ झाले.